आफ्रिकेतली गोड्या पाण्यातली कासवं: पाठीवरून जात ओळखता येते का?

उलुगुरू | १२ एप्रिल, २२:१०

मंडळी, टांझानियात मोरोगोरोला राहायला आल्यापासून पक्ष्यांच्या जोडीला कासवं बघायचा नाद लागलाय. पक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात, कासवांपाशी मात्र गाडी अडते. तीन फोटो टाकतोय.

फोटो १: मोरोगोरोच्या बाहेर मातीच्या रस्त्यावर. मासिकाचा, म्हणजे इकडच्या मार्च ते मे या मोठ्या पावसाचा जोर होता आणि रस्त्यालगत डबकी भरली होती. कासव वीतभर, चपटं, मातकट. फोटो वरून घेतलाय, डोकं निम्मं बाहेर आहे.

फोटो २: न्येरेरे राष्ट्रीय उद्यानात रुफिजी नदीवर, बोटीतून. ओंडक्यावर ओळीनं बसलेली कासवं. सगळ्यात मोठं जेवणाच्या ताटाएवढं, काळं. झूम केलंत तर ढालीची मागची कड दातेरी दिसेल.

फोटो ३: बागामोयोजवळ भाताच्या खाचरातल्या चरात. एका मुलाच्या गळाला लागलं होतं. त्यानं गळ काढायला उलटं धरलं तेव्हा घाईत फोटो काढला. पोट जवळजवळ सगळं पिवळं. नंतर चरातच सोडलं.

फोनवरचं ॲप पहिल्या फोटोला दर वेळी नवं नाव देतं. माझं मत असं की पाठीचा आकार, रंग आणि कड नीट बघितली तर कासवाला हात न लावता जात सांगता आली पाहिजे, जशी आपण उडत्या घारीची सांगतो. जाणकारांचं काय म्हणणं?

वाघळू | १२ एप्रिल, २२:३१

तिन्ही कासवंच आहेत, एवढं मी खात्रीनं सांगतो. पुढचं कूर्मावतार सांगतील. जागा धरून बसलोय.

जोबर्गची जाई | १२ एप्रिल, २३:०२

फोटो २ डोळे मिटून सिनुआटस, इकडची मोठी पाणकासवाची जात. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर पाणघोड्यांच्या पाठीवर हीच रांगेनं ऊन खात बसलेली असतात. मोठी नदी किंवा बारमाही तलाव, भोवती मगरी आणि करवतीसारखी मागची कड असं एकत्र दिसलं की मी दुसरा विचार करत नाही.

फोटो १ डबक्यातलं, म्हणजे पेलोमेडुसा गटातलं. पावसाची तळी, गुरं-गेंडे लोळतात ते चिखलाचे खड्डे, महिनाभरात आटणारं पाणी हे सगळं त्याचं राज्य. पाणी आटलं की चिखलात पुरून घेऊन पडून राहतं आणि पाऊस झाला की चालत निघतं. रस्त्यावर दिसतं ते त्यामुळेच. फोटो ३ माझ्या ओळखीचं नाही, आमच्याकडे इतकं पिवळं पोट नेहमी दिसत नाही.

कूर्मावतार | १३ एप्रिल, ००:१५

उलुगुरू, धागा काढलात ते फार बरं केलंत. तुमचं मत मात्र मला मान्य नाही. घारीची शेपटी उडतानाच दिसते. या कासवांची ओळख पोटाखाली आणि तोंडावर असते, आणि वरून दिसणारी पाठ बहुतेक वेळा चिखल, शेवाळ नि वय एवढंच सांगते.

आधी पाया पक्का करू. मादागास्करचं मोठ्या डोक्याचं कासव आणि मऊ पाठीची कासवं बाजूला ठेवली, तर सहाराच्या दक्षिणेला गोड्या पाण्यात जे कासव दिसेल ते बहुधा पेलोमेडुसिडे या एकाच कुळातलं. ही सगळी मान बाजूला दुमडणारी. आपल्याकडची कासवं मान सरळ मागे ओढतात. ही मान आडवी वळवून ढालीच्या कडेखाली ठेवतात, एक डोळा बाहेर बघत राहतो. भारतात आज रानात अशी एकही जात नाही.

कुळात दोन गट: पेलोमेडुसा आणि पेलुसिओस. दोन्ही नावं वाग्लरनं १८३० साली दिलेली. फरक पोटाशी आहे. पेलुसिओसच्या पोटकवचाला पुढच्या भागात आडवी बिजागरी असते. छातीचे खवले आणि त्यांच्यामागचे पोटाचे खवले जिथे मिळतात तिथून पुढचा पाखा वर उचलला जातो, डोकं आणि पुढचे पाय आत घेतले की समोरचं दार बंद. पेलोमेडुसाला ही सोय नाही, त्याचं पोटकवच सलग आणि ताठ असतं.

म्हणून फोटो ३ मधला एक तपशील सांगा: पोटावर पुढच्या तिसऱ्या भागाच्या आसपास सरळ आडवी रेघ दिसते का? ती रेघ खवल्यांच्या इतर जोडांपेक्षा ठळक असते.

नवखी | १३ एप्रिल, ०९:४०

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. पुण्यात तळ्यांमध्ये लाल कानाची कासवं दिसतात, ती आणि ही वेगळी कशी कळणार? लाल पट्टा पुसट झाला तर?

कूर्मावतार | १३ एप्रिल, १०:०५

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, आफ्रिकेतही लोक तिथेच अडतात. लाल कानाच्या स्लायडरच्या पोटावर बारा खवले असतात, सहा जोड्या. पेलोमेडुसिडेमध्ये तेरा. गळ्यापाशी दोन खवल्यांच्या मधोमध एक एकटा जास्तीचा खवला असतो. वरून बघायचं तर मानेच्या अगदी वर, ढालीच्या पुढच्या कडेच्या मध्यभागी, स्लायडरला एक अरुंद छोटा खवला दिसतो. आफ्रिकेतल्या या कुळात तो नसतोच, कडेचे पहिले दोन खवले एकमेकांना थेट भिडतात. म्हणजे पाठीवरून कुळ ओळखता येतं, उलुगुरूंना एवढं श्रेय देतो.

उलुगुरू | १३ एप्रिल, १३:२०

धन्यवाद! फोटो ३ मोठा करून पाहिला. हो, आडवी रेघ आहे आणि तिच्यापुढचा भाग किंचित वर उचललेला आहे. म्हणजे पेलुसिओस. फोटो १ चं पोट मात्र पाहिलेलं नाही. रस्त्यावरून हलवतानाही मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून सरळच पलीकडे ठेवलं.

रोझहिल | १३ एप्रिल, १४:०८

नमस्कार. मी मॉरिशसहून लिहितो, आमचं मराठी आजोबांच्या घरातलं आणि शाळेतलं, चूक झाली तर सांभाळून घ्या. आमच्याकडे पण एक काळं-तपकिरी गोल कासव ओढ्यात राहतं. लोक म्हणतात ते आफ्रिकेचं. फोटो नंतर टाकतो.

कूर्मावतार | १३ एप्रिल, १४:३०

रोझहिल, तुमचं मराठी उत्तम आहे. फोटो जरूर टाका, शक्य झालं तर चोचीचा समोरून.

ओकावांगो | १३ एप्रिल, १९:४५

जाईताईंच्या "डबकं म्हणजे पेलोमेडुसा" याला माझा विरोध नोंदवतो. मी बोट्सवानात मौनला असतो. पूर ओसरला की इथे उथळ खड्ड्यांत दोन्ही गट एकत्र सापडतात. पेलुसिओस सबनायगरही पावसात जमिनीवरून चालत निघतं, आटत्या तळ्यातल्या चिखलात दडून बसतं. जागा बघून नाव ठरवलं की पुढचं बघणं थांबतं, आणि मग सगळ्या डबक्यांत पेलोमेडुसाच दिसायला लागतं.

इथलं आणखी एक सांगतो. बेचुआनिकस म्हणजे खोल स्वच्छ पाण्यातलं मोठं, काळ्या डोक्यावर पिवळी नक्षी असलेलं पेलुसिओस. फित्झसायमन्सनं १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. पाठ नुसती काळी, पण डोकं दिसलं तर ओळख सोपी. डोकंच बघा, असं मी नवीन मार्गदर्शकांना सांगतो.

जोबर्गची जाई | १३ एप्रिल, २०:३०

ओकावांगो, मान्य की जागा हा पुरावा नाही, पण इशारा म्हणून तिची किंमत आहेच. दक्षिण आफ्रिकेच्या पठारावर, केपकडे, पेलुसिओस नाहीतच, तिथे कडक पाठीचं रानटी पाणकासव म्हणजे पेलोमेडुसाच. टांझानियात तसं नाही हे खरं.

आणि पोट बघण्याबद्दल. राष्ट्रीय उद्यानात गाडीतून उतरायचीच बंदी असते, उचलणं दूरच. बाहेर सापडलं तरी उगाच उलटं करू नये असं मला मनापासून वाटतं. पेलोमेडुसाला धरलं की चारही पायांच्या लांब नखांनी ओरबाडतं आणि ग्रंथींतून असा वास सोडतं की हात दोनदा धुवूनही जात नाही. आपल्या यादीत एक नाव वाढावं म्हणून त्याच्यावर ही वेळ का आणायची?

वाघळू | १३ एप्रिल, २०:४१

वासाची खूण मात्र शंभर टक्के भरवशाची दिसते. ॲपमध्ये वास घ्यायची सोय येईपर्यंत थांबू.

कूर्मावतार | १३ एप्रिल, २२:५०

जाईताई, उचलण्याबद्दल तुमच्याशी सहमत. मी म्हणतो ते इतकंच की पोट बघितलं नसेल तर नाव तिथवरच लिहावं जिथवर पुरावा जातो.

आता फोटो ३. पूर्व आफ्रिकेच्या किनारपट्टीवर पेलुसिओसच्या दोन जातींत लोक हमखास गोंधळतात: सबनायगर आणि कास्टानॉइड्स. दोन्ही मध्यम आकाराच्या, साधारण २० ते २३ सेंटिमीटरपर्यंतच्या, दोन्ही तपकिरी. फरक असे बघायचे:

सबनायगरची ढाल गोलसर, फुगीर. डोकं रुंद, मुस्कट बोथट, आणि डोक्याचा रंग एकसारखा, करडा-तपकिरी, नक्षी नाही. वरच्या जबड्याच्या टोकाला दातासारखी टोकं नसतात.

कास्टानॉइड्सची ढाल लांबट. डोक्यावर पिवळसर रंगात गडद, बारीक, नागमोडी रेघांचं जाळं असतं. वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला दोन दाते. पोटकवच बहुधा पिवळं.

पिवळ्या पोटावरून कास्टानॉइड्सकडे कल जातो, पण तेवढ्यावर ठरवू नका. सबनायगरच्या पोटावरही पिवळा रंग असतो, बरोबर गडद कडा असतात. उलुगुरू, त्या मुलानं धरलं तेव्हा डोकं दिसलं का?

तिसरी गोंधळ घालणारी जात ऱ्होडेसिआनस, हेविटनं १९२७ मध्ये नाव दिलेली. तिचं पोट बहुतेक काळं असतं. पाठीवरून तीही तशीच तपकिरी-काळी. तीनही कासवं पालथी शेजारी ठेवली तर भलेभले अडतील.

तळेकाका | १४ एप्रिल, ०८:१५

चर्चा छान. माझ्याकडे बागेत सिमेंटचं मोठं तळं आहे. ही आफ्रिकन बाजूमानी कासवं पाळायला मिळतात असं ऐकलंय. कुठली जात आपल्या हवेत चांगली टिकेल?

कूर्मावतार | १४ एप्रिल, ०८:५०

काका, स्पष्ट सांगतो, घेऊ नका. चांगली टिकतील हीच तर भीती आहे. स्लायडर आपल्याकडच्या तळ्यांत कसे पोचले ते आपण बघतोय: हौस संपली की लोक सोडून देतात. पश्चिम आफ्रिकेतलं पेलुसिओस कास्टानेयस माणसांच्या हातून कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर जाऊन स्थायिक झालेलं आहे. आणि आपलं मऊ पाठीचं देशी कासव तळ्यात आणून ठेवायचा विचारही नको, ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तळ्यात कमळं लावा, बेडूक आपणहून येतील.

तळेकाका | १४ एप्रिल, ०९:३०

बरं झालं विचारलं. बेडूक आलेलेच आहेत, रात्री झोपू देत नाहीत.

बसाल्ट | १४ एप्रिल, ११:२५

थोडं विषयांतर, पण मुंबईकरांना आवडेल. कूर्मावतार म्हणाले की भारतात आज बाजूमानी कासव नाही. आज नाही, पण होती. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गाळाच्या खडकात अशाच एका कासवाचे अवशेष मिळाले आणि कार्टरनं १८५२ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज ते कार्टेरेमिस लायथी म्हणून ओळखलं जातं. त्याच थरांत इवल्याशा बेडकांचेही जीवाश्म आहेत. २००३ मध्ये मुंबईच्याच लाव्हामधल्या थरांतून संकुचेमिस या आणखी एका बाजूमानी कासवाचं वर्णन झालं, ते आता नामशेष असलेल्या कुळातलं. काळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्हाचे पूर येत होते आणि मधल्या शांततेत तळी साचत होती. आज वरळी सी-फेसवर फिरताना मला नेहमी ती तळी आठवतात.

नवखी | १४ एप्रिल, ११:४८

वरळीला कासव! हे शाळेत कुणी का सांगितलं नाही?

ओकावांगो | १४ एप्रिल, १२:३०

बसाल्ट, सुरेख माहिती. तुमच्यावरून आठवलं, पेलोमेडुसाचाही भारताशी एक कागदी संबंध आहे ना? कूर्मावतार सांगतील.

कूर्मावतार | १४ एप्रिल, २१:१०

आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांनी पेलोमेडुसा सबरुफाचं पहिलं वर्णन केलं तेव्हा नमुना इंडीजमधून, म्हणजे भारताच्या बाजूनं, आल्याची नोंद झाली. तसं नव्हतंच, आणि पुढच्या संशोधकांनी मूळ ठिकाण मादागास्करच्या दक्षिण टोकाचं फोर्ट-दोफाँ ठरवलं. म्हणजे या गटाच्या पहिल्याच कागदावर पत्ता चुकला आहे.

असा चुकलेला पत्ता केवढा घोळ घालू शकतो त्याची याहून मोठी गोष्ट सेशेल्सची. ब्राउअर नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं १८९५ मध्ये माहे बेटावरून आणलेली म्हणून तीन कासवं संग्रहालयात जमा झाली. १९०६ मध्ये झीबेनरॉकनं त्यांवरून पेलुसिओस सेशेलेन्सिस ही नवी जात जाहीर केली. पुढे लोकांनी बेटं धुंडाळली, कासव कुणालाच मिळालं नाही, आणि ते नामशेष झालं असं मानलं गेलं. सबंध एक जात माणसानं संपवली अशी नोंद झाली. २०१३ मध्ये व्हिएन्नातल्या मूळ नमुन्याचा डीएनए तपासला तर तो पश्चिम आफ्रिकेतल्या कास्टानेयसचा निघाला, जी जात सेशेल्सपासून अख्खा खंड ओलांडून पलीकडे राहते. ती वेगळी जात कधी नव्हतीच. बहुधा नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण त्या नमुन्यांकडे शंभर वर्षं जाणत्या माणसांनी हातात धरून, पोट-पाठ-कवटी सगळं मोजून पाहिलं होतं. आपण तर ओंडक्यावरचा फोटो बघतोय.

जोबर्गची जाई | १४ एप्रिल, २२:०५

बापरे. एका चिठ्ठीपायी शंभर वर्षं सुतक.

उलुगुरू | १५ एप्रिल, १९:३०

फोटो ३ च्या वेळी सोबतच्या मित्रानं काढलेला एक व्हिडिओ त्याच्याकडून मिळवला. त्यात कासव मान बाहेर काढतंय. डोक्यावर बारीक गडद रेषांची जाळी स्पष्ट आहे, कुणी पिवळट कापडावर टाकानं रेघोट्या ओढाव्यात तशी. जबड्याचं टोक समोरून दिसतं तेव्हा दोन छोटे दाते, मध्ये खाच. ढाल लांबट. फ्रेम थांबवून टाकली आहे.

कूर्मावतार | १५ एप्रिल, २०:१०

हे कास्टानॉइड्स. किनारपट्टी, लांबट ढाल, पिवळं पोट, जाळीदार डोकं, दुहेरी दाते. या ओळखीवर मी सही करतो.

फोटो २ साठी जाईताईंना अनुमोदन. सिनुआटस हा पेलुसिओसमधला सगळ्यात मोठा, ४५ सेंटिमीटरपर्यंत जातो. तुमच्या ताटाएवढ्या कासवाची मागची कड खरोखर दातेरी आहे आणि कण्यावरचे उंचवटेही अजून पुसले गेलेले नाहीत. उलटं दिसलं असतं तर पोटाच्या मधोमध पिवळा भाग आणि कडेनं तुटक कोनांचा काळा पट्टा, आखून काढल्यासारखा. इथे पाठीवरून जात कळते, हे उलुगुरूंच्या बाजूनं. फक्त हा नियम सिनुआटसपुरता धरावा.

ओकावांगो | १५ एप्रिल, २०:५५

आणि पिल्लांना तोही लावू नये. पेलुसिओसच्या इतर जातींच्या पिल्लांनाही पाठीवर मधोमध असा उंच कणा असतो. शिवाय अगदी लहान पिल्लाची बिजागरी हलत नाही, ती वाढीबरोबर मोकळी होते. बिजागरी मिटत नाही म्हणून पिल्लू पेलोमेडुसा ठरवलेलं मी बरेचदा पाहिलंय. मध्य आफ्रिकेतलं गाबोनेन्सिस तेवढं सुटसुटीत: पिल्लाच्या पाठीवर मधोमध काळा पट्टा आणि डोक्यावर काळी दुभंगती रेघ.

नवखी | १५ एप्रिल, २१:२०

मग फोटो १?

जोबर्गची जाई | १५ एप्रिल, २१:४५

मी अजून पेलोमेडुसावरच आहे, आणि यावेळी जागेमुळे नाही. ढाल बघा, रुंद आणि फारच चपटी. डोक्याचा वरचा भाग गडद, जबडा फिकट, आणि दोन्हींमधली सीमा स्पष्ट, टोपी घातल्यासारखी. हसरं तोंड तर ओळखीचंच. हीच कासवं पाणवठ्यावर प्यायला आलेल्या पारव्यांना आणि पखुर्ड्यांना पाय धरून आत ओढतात, आणि चिखलात लोळणाऱ्या गेंड्याच्या अंगावरच्या गोचिडीही खातात. दिसतात गरीब, पण मोठी धीट.

कूर्मावतार | १५ एप्रिल, २२:३०

मलाही तेच वाटतं. पण पुढची अडचण ऐका. २०१४ पर्यंत पेलोमेडुसा म्हटलं की जात एकच, सबरुफा, केपपासून थेट अरबस्तानापर्यंत. मग ड्रेस्डेनच्या झेंकेनबर्ग संग्रहालयातल्या उवे फ्रित्झ यांच्या गटानं जनुकं आणि बाह्य खुणा तपासून तिच्या दहा जाती केल्या. दक्षिण आफ्रिकेतली मोठी ती गालेआटा, अरबस्तानातली बार्बाटा, वगैरे. टांझानियात सबरुफा आहे, कोबेही आहे, आणि केनियाकडून नॉयमान्नीही पोचते. खुणा बघायच्या त्या अशा: डोळ्यामागच्या बाजूला एकच मोठा खवला आहे की त्याचे तुकडे झालेत, हनुवटीखालची मांसल टोकं किती, आणि छातीचे दोन खवले मधोमध एकमेकांना भिडतात की तिकोनी होऊन आधीच संपतात. तुमच्या फोटोत यातलं एकही दिसत नाही. म्हणून फोटो १ खाली "पेलोमेडुसा" एवढंच लिहा आणि खुशाल थांबा.

उलुगुरू | १५ एप्रिल, २३:००

थोडी चुटपुट लागली, पण पटलं. मला नाव पुरं हवं होतं.

वाघळू | १५ एप्रिल, २३:१२

कासव पलीकडच्या डबक्यात सुखरूप पोचलं. नाव अर्धं राहिलं तरी रस्ता पुरा झाला, हे काय कमी आहे?

उलुगुरू | २ मे, १८:४०

धागा वर आणतोय, कारण सांगण्यासारखं घडलं. त्याच रस्त्यावर, त्याच डबक्यांपासून थोड्या अंतरावर, गाडीखाली आलेल्या कासवाचं जुनं कवच मिळालं. मुंग्यांनी साफ केलेलं, खवले गळून हाडं उघडी. बरोबरची मोजपट्टी ठेवून वरून, खालून, बाजूनं असे फोटो काढले, कवच जागेवरच ठेवलं. पोटाच्या मधल्या भागात दोन्ही कडांना एकेक लहान गोलसर हाड बसवल्यासारखं दिसतं. ती मध्यापर्यंत येत नाहीत. याला काही अर्थ आहे का?

कूर्मावतार | २ मे, १९:०५

अर्थ? उलुगुरू, हे दोन हाडांचे फोटो सगळ्या धाग्यात मोलाचे आहेत! त्यांना मेसोप्लास्ट्रा म्हणतात. पेलुसिओसमध्ये ही हाडं रुंद असतात आणि पोटाच्या मधल्या रेषेवर एकमेकांना मिळतात, बिजागरी त्यांच्याच पुढच्या कडेशी असते. पेलोमेडुसात ती लहान, कडेलाच राहतात. तुमच्या फोटोत अगदी तसंच आहे. म्हणजे त्या डबक्यांत पेलोमेडुसा राहतं हे आता हाडानं सांगितलं. तुमचं जिवंत कासव तेच होतं असं यातून सिद्ध होत नाही, पण जाईताईंनी टोपीवरून लावलेल्या अंदाजाला चांगलं बळ मिळतं.

उचलून न आणता जागेवर फोटो काढलेत हेही योग्य केलंत, टांझानियात वन्य प्राण्याचे अवशेष बाळगणं परवान्याशिवाय महागात पडू शकतं. फोटोंना ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख मात्र आजच जोडून ठेवा. चुकलेल्या पत्त्यानं सेशेल्समध्ये काय झालं ते वाचलंतच.

जोबर्गची जाई | २ मे, १९:५०

हाडावरून! मजा आली. आता पुढच्या पावसात त्या रस्त्याला सांभाळून गाडी चालवायला सगळ्यांना सांगा.

उलुगुरू | २ मे, २०:१५

सांगतोय, ऑफिसच्या ड्रायव्हर मंडळींपासून सुरुवात केली. अक्षांश-रेखांश जोडले. पुढच्या वेळी जिवंत कासव दिसलं तर वरून एक, बाजूनं डोळा नि त्याच्यामागचा खवला दिसेल असा एक, आणि समोरून चोचीचा एक असे फोटो काढेन. उलटं करणार नाही.

रोझहिल | ३ मे, १०:३०

उशीर झाला, माफ करा. आमच्या ओढ्याच्या कासवाचे फोटो टाकले आहेत. उचललं नाही, ते दगडावर बसलं होतं, मी झोपून समोरून काढले. ढाल गोल आहे. डोकं पूर्ण करडं-तपकिरी, रेघा नाहीत. चोचीला दात दिसत नाहीत, सरळ आहे.

कूर्मावतार | ३ मे, ११:१०

रोझहिल, फोटो फार छान, नेमके हवे तसे. एकरंगी रुंद डोकं, बोथट मुस्कट, दाते नसलेला जबडा, गोल ढाल. हे पेलुसिओस सबनायगर. ते पूर्व आणि आग्नेय आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि तुमच्या बेटावरही आहे. दुसऱ्या फोटोत त्यानं मान आडवी घेतली आहे आणि पुढचा पाखा थोडासा उचलला आहे, बिजागरीची रेघ बाजूनंही दिसते. नवखी, हा फोटो जरूर बघा.

नवखी | ३ मे, ११:३२

बघितला. मानेवरच्या कडेचे दोन खवले भिडलेलेही दिसले, मधे छोटा खवला नाही!